अ‍ॅलर्जी बाळाला, पथ्य आईला? स्तनपान आणि अन्नाची अ‍ॅलर्जी यांचे खरे नाते

तान्ह्या बाळाची शी हिरवट झाली, गालांवर पुरळ उठले किंवा संध्याकाळी ते तासभर रडत राहिले, की बहुतेक घरांत पहिला प्रश्न आईला विचारला जातो: "काल काय खाल्लं होतंस?" मग तिच्या ताटातून आधी हरभऱ्याची डाळ आणि वांगे जाते आणि पाठोपाठ शेंगदाण्याचे कूटही जाते. अलीकडे या जुन्या यादीला मोबाइलवरून आलेली नवी यादी जोडली गेली आहे, आणि तिच्यात दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे असे सगळेच असते. काही घरांत गोष्ट आणखी पुढे जाते. 'बाळाला अंगावरचे दूधच मानवत नाही' असा निष्कर्ष निघतो आणि डब्याचे दूध सुरू होते. या दोन्ही निर्णयांना बहुतेक वेळा पुराव्याचा आधार नसतो, पण त्यांची किंमत आई आणि बाळ या दोघांनाही मोजावी लागते. म्हणून अ‍ॅलर्जी म्हणजे काय, आईच्या अन्नातले काय बाळापर्यंत पोहोचते आणि पथ्याने खरोखर काय साधते, हे क्रमाने पाहू.

अ‍ॅलर्जी म्हणजे नेमके काय

आपली रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूंना ओळखून त्यांच्याशी लढते. तिने अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू मानले, तर जी प्रतिक्रिया उमटते तिला अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणतात. या व्याख्येतला प्रथिन हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण साखर, पाणी किंवा जीवनसत्त्व यांच्यामुळे अशी अ‍ॅलर्जी होत नाही.

तिचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात रक्तातील आयजीई नावाचे प्रतिपिंड गुंतलेले असते. ते अन्न खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा पापण्या सुजतात, उलटी होते, श्वासात घरघर येते. दुसऱ्या प्रकारात आयजीईचा संबंध नसतो. त्रास तासांनी किंवा दिवसांनी आणि मुख्यतः पचनसंस्थेत दिसतो. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये जी थोडी प्रकरणे आढळतात, ती प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारची असतात.

दुधातली साखर न पचणे, म्हणजे लॅक्टोज न पचणे, ही तिसरीच गोष्ट आहे आणि तिची अ‍ॅलर्जीशी नेहमी गल्लत होते. आईच्या दुधात सुमारे सात टक्के लॅक्टोज असते, ते आईच्या शरीरातच तयार होते, आणि तिने गायीचे दूध सोडले तरी ते कमी होत नाही. जन्मतःच लॅक्टोज पचवता न येणारी बाळे अत्यंत विरळ असतात. तेव्हा 'लॅक्टोज बाधते म्हणून आईने दूध सोडावे' हा सल्ला मुळातच चुकीचा आहे.

आईने खाल्लेले दुधात उतरते का

उतरते, पण किती आणि काय, हे समजून घेण्यासारखे आहे. आईच्या पोटात अन्नातील प्रथिनांचे बारीक तुकडे होतात आणि त्यांपैकी अगदी थोडा अंश धडपणे आतड्याच्या भिंतीतून रक्तात आणि रक्तातून दुधात जातो. गायीच्या दुधातले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन मानवी शरीर बनवतच नाही, त्यामुळे आईच्या दुधात ते सापडले तर ते तिच्या आहारातूनच आले आहे, हे निश्चित म्हणता येते. गायीचे दूध घेणाऱ्या सुमारे निम्म्या मातांच्या दुधात ते सापडते. पण गायीच्या एक लिटर दुधात ते सुमारे तीन ग्रॅम असते, तर आईच्या एक लिटर दुधात ते मोजायला ग्रॅमच्या दशलक्षांशाचे माप लागते. 'अंगावरच्या दुधाची अ‍ॅलर्जी' समजून ज्या बाळाला डब्याचे दूध दिले जाते, त्याला प्रत्यक्षात तेच प्रथिन लाखो पटींनी अधिक मिळू लागते, कारण बाजारातले नेहमीचे डब्याचे दूध गायीच्या दुधापासूनच बनवलेले असते.

शिवाय हा सूक्ष्म अंश एकटा येत नाही. आईच्या दुधात प्रतिपिंडे आणि रोगप्रतिकारक यंत्रणेला शांत ठेवणारे घटकही असतात. त्यामुळे परक्या प्रथिनाशी बाळाची पहिली ओळख बहुधा सहिष्णुतेकडे नेणारी ठरते.

'वातूळ' पदार्थांचे काय, हा प्रश्न इथे येणारच. हरभऱ्याची डाळ किंवा कोबी खाल्ल्यावर आईच्या पोटात वायू होतो, कारण न पचलेल्या पिष्टमय पदार्थांवर तिच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू काम करतात. तो वायू आणि ते न पचलेले अन्न आतड्यातच राहते. दुधात जात नाही. वास आणि चव मात्र दुधात उतरतात. आईने लसूण खाल्ला की दुधाला त्याचा वास येतो आणि प्रयोगांत असे दिसले आहे की बाळे अशा वेळी अधिक वेळ स्तनाला लागून राहतात. बाळंतिणीच्या ताटात बाजरीच्या भाकरीबरोबर लसणाची चटणी वाढणाऱ्या आपल्या आज्यांचे म्हणूनच मला कौतुक वाटते.

मग हिरवी शी, रडणे, पुरळ हे सगळे काय असते

बहुतांश वेळा ते बाळपण असते. जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासून बाळांचे रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरते. आईने या काळात काहीही खाल्ले किंवा सोडले तरी हा आलेख साधारण तसाच राहतो. तिने सहाव्या आठवड्यात दूध सोडले आणि दहाव्या आठवड्यात रडणे थांबले, की श्रेय पथ्याला जाते. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी, कधी हिरवट असते, आणि दर वेळी दूध प्यायल्यावर शी होणे पहिल्या महिन्यांत स्वाभाविक आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गालांवर येणाऱ्या बारीक पुटकुळ्याही आपोआप जातात.

केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एखाद्याला असते. रडणारी बाळे त्याहून कितीतरी अधिक असतात.

खरी अ‍ॅलर्जी कशी ओळखायची

ती दुर्मीळ असली तरी असते, आणि जिला हे भोगावे लागते त्या आईला आकडेवारीने दिलासा मिळत नाही. शीमध्ये वारंवार रक्ताचे धागे आणि शेंबडासारखा चिकटा दिसणे, वजन न वाढणे, सतत आणि जोराच्या उलट्या होणे, कोवळ्या वयातच खरखरीत, खाजरा इसब पसरून साध्या उपचारांना दाद न देणे, या खुणा बालरोगतज्ज्ञांना दाखवायच्या असतात. शीमध्ये रक्त दिसणारे बाळ अनेकदा एरवी ठणठणीत असते. चांगले पिते, हसते, वजनही वाढते. स्तनांना चिरा पडल्या असल्या तर बाळाच्या पोटात गेलेले आईचेच रक्त शीमध्ये दिसू शकते, म्हणून तेही आधी तपासले जाते.

डॉक्टरांना दाट शंका आली, तर आईला दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करायला सांगितले जाते. पूर्ण म्हणजे दही, ताक, लोणी, पनीर, श्रीखंड, पेढे तर झालेच, पण चहातले दोन चमचे दूध, दुधाची पावडर घातलेली बिस्किटे आणि पावही. म्हशीचे किंवा शेळीचे दूध हा पर्याय नाही, कारण त्यांतली प्रथिने गायीच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना तीही बाधतात.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. लक्षणे कमी झाली, तर आईने पुन्हा दूध घेऊन पाहायचे असते. लक्षणे परतली, तर निदान पक्के झाले. परतली नाहीत, तर पथ्य संपले. ही फेरतपासणी न केल्यामुळे कित्येक माता महिनोन्‌महिने विनाकारण दूधदुभत्याशिवाय राहतात. निदान पक्के झाले तरी स्तनपान थांबवायचे नसते. फक्त ते एक अन्न आईच्या आहारातून वगळायचे असते. अशा काळात नाचणी, तीळ, पालेभाज्या आणि गरज पडल्यास कॅल्शिअमच्या गोळ्या लागतात, कारण अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शिअम लागते, तर शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅमच मिळते. रक्ताचे धागे दिसणारी बहुतेक बाळे वर्षाच्या आसपास दूध पचवू लागतात.

'रक्त तपासून सगळ्या अ‍ॅलर्जी एकदाच शोधून काढू' हा मोहही टाळलेला बरा. वर सांगितलेला दुसरा प्रकार रक्ताच्या चाचणीत दिसतच नाही, आणि पहिल्या प्रकारातही चाचणी सकारात्मक येणे म्हणजे अ‍ॅलर्जी असणे नव्हे. कर्नाटकात प्रौढांच्या एका पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धचे आयजीई सापडले, पण ज्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता दिसली ते केवळ १.२ टक्के होते. 'आयजीजी' नावाचे दुसरेच प्रतिपिंड मोजून शंभर पदार्थांचा तक्ता हाती देणाऱ्या महागड्या चाचण्या तर निदानासाठी निरुपयोगी आहेत. आयजीजी हे अन्न खाल्ल्याचे चिन्ह आहे, अ‍ॅलर्जीचे नाही.

बाळाचे ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घरघरू लागला, ते निळसर किंवा एकदम मलूल पडले, तर घरगुती उपाय न करता १०८ क्रमांकाला फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच प्राण वाचवणारा उपाय असतो.

'आधीच पथ्य पाळले तर काय बिघडते?'

हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि एके काळी तज्ज्ञांचेही हेच मत होते. ब्रिटनमध्ये १९९८ साली अ‍ॅलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या गरोदर आणि स्तनदा मातांना शेंगदाणे टाळता येतील, असे सांगण्यात आले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली अशा घरांतल्या स्तनदा मातांना शेंगदाणे आणि सुकामेवा वर्ज्य सांगितला आणि बाळाला पहिले वर्ष दूध, दुसऱ्या वर्षापर्यंत अंडे आणि तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणे व मासे देऊ नयेत, असा सल्ला दिला. सल्ला पाळूनही अ‍ॅलर्जी कमी झाली नाही. अमेरिकेने २००८ मध्ये आणि ब्रिटनने २००९ मध्ये तो मागे घेतला. आईच्या पथ्यावर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१२ साली घेतला गेला, तेव्हाही गरोदरपणातील किंवा स्तनपानकाळातील पथ्यामुळे बाळाची अ‍ॅलर्जी टळते असे दिसले नाही.

बिघडते ते आईचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा आईला रोज ६०० कॅलरी अधिक लागतात. शाकाहारी मराठी घरातल्या बाळंतिणीच्या ताटातून डाळ, शेंगदाणे आणि दूध एकदम काढून घेतले, तर प्रथिने येणार कुठून? दूध बाळाला पुरते, कारण शरीर आधी बाळाचे पाहते; झीज आईच्या हाडांची आणि स्नायूंची होते. त्यात प्रत्येक रडण्याचा दोष तिच्या घासावर टाकला, की काही आठवड्यांत ती स्वतःच्या दुधावर अविश्वास दाखवू लागते.

शेंगदाण्याने शिकवलेला धडा

सल्ला उलटला कसा, ही हकिगत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील आणि इस्राएलमधील ज्यू शाळकरी मुलांची तुलना केली. वंश सारखाच असूनही ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, तर इस्राएलमध्ये ०.१७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. फरक आहारात होता: इस्राएलमधील बाळे वर्षाच्या आतच 'बांबा' नावाच्या, तोंडात विरघळणाऱ्या शेंगदाण्याच्या कुरकुऱ्या खातात आणि ब्रिटनमधील बाळांना तेव्हा शेंगदाणा दिलाच जात नव्हता. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग त्याच गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे निवडली. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले आणि उरलेल्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्यापासून दूर ठेवले. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न दिलेल्या बाळांपैकी, दूर ठेवलेल्यांत १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली आणि खाणाऱ्यांत केवळ १.९ टक्क्यांना. चाचणीत आधीच थोडी प्रतिक्रिया दिसलेल्या बाळांतही हे प्रमाण ३५.३ टक्क्यांवरून १०.६ टक्क्यांवर आले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरचे सल्ले बदलले.

पण बाळाने कधीच न खाल्लेल्या शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी त्याला होते तरी कशी? उत्तर त्वचेत सापडले. लॅक यांच्याच २००३ मधील अभ्यासात, इसबावर शेंगदाणा तेल असलेली मलमे चोळलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक आढळली. आईने गरोदरपणात किंवा स्तनपान देताना शेंगदाणे खाल्ले होते की नाही, याने मात्र फरक पडला नव्हता. पुढच्या दाराने आलेल्या माणसाला घरात पाहुणा म्हणून पाट मांडला जातो आणि तोच माणूस मागच्या भिंतीवरून उडी मारून आला तर आरडाओरड होते. अन्नाचे प्रथिन आतड्यातून आले तर शरीर ते सामावून घेते, आणि फाटलेल्या, चिरलेल्या त्वचेतून आले तर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते.

हे वाचताना मला आपल्याकडची बाळाची अंघोळ आठवते. डाळीचे पीठ, त्यात साय आणि हळद कालवून न्हाणीत बाळाच्या अंगाला चोळतात. निरोगी त्वचेवर त्याने काही अनर्थ होत असेल असे मी म्हणणार नाही, पण ज्या बाळाला इसब आहे, ज्याच्या कोपरांच्या खोबणीत आणि गालांवर त्वचा लाल, ओलसर झाली आहे, तिथे हरभऱ्याचे आणि दुधाचे प्रथिन रोज घासणे थांबवले पाहिजे. अशा त्वचेला सौम्य, बिनवासाचे मलम आणि डॉक्टरांनी दिलेले औषध लागते. आईच्या ताटावर खर्च होणारी काळजी बाळाच्या त्वचेवर खर्च झाली, तर तिचा खरा उपयोग होईल.

स्तनपानाने अ‍ॅलर्जी टळते का

इथे स्तनपानाच्या पुरस्कर्त्यांनीही अतिशयोक्ती टाळावी. बेलारूसमध्ये १७,०४६ बाळांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात स्तनपानाला उत्तेजन मिळालेल्या गटात पहिल्या वर्षी इसब ६.३ टक्क्यांऐवजी ३.३ टक्के बाळांना झाला, पण साडेसहा वर्षांच्या वयात दमा किंवा अ‍ॅलर्जी कमी आढळली नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीपासून स्तनपान हमखास वाचवते, असे सांगता येत नाही. त्याची बाजू भक्कम आहे ती अतिसार, न्यूमोनिया आणि कुपोषण यांपासून मिळणाऱ्या संरक्षणामुळे, आणि आपल्या देशात ती पुरेशी आहे.

पहिल्या तीन दिवसांचा प्रश्न मात्र वेगळा आणि आपल्या प्रसूतिगृहांसाठी महत्त्वाचा आहे. जपानमध्ये अ‍ॅलर्जीचा कौटुंबिक धोका असलेल्या ३१२ नवजात बाळांपैकी निम्म्यांना पहिले तीन दिवस गायीच्या दुधापासूनचे डब्याचे दूध दिलेच नाही. दोन वर्षांच्या वयात त्यांच्यापैकी २.६ टक्क्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी होती. ज्यांना ते दूध सुरुवातीपासून दिले त्यांच्यात १३.२ टक्क्यांना. आपल्याकडे सिझेरियन झाले, आई गुंगीत आहे, चीक कमी वाटतो, म्हणून वरचे दूध सर्रास पाजले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बाळे ४१.८ टक्केच होती. पहिल्या दिवशी बाळाचे पोट चमचाभर चिकानेही भरते. वैद्यकीय कारण नसताना त्या तीन दिवसांत डबा उघडू नये, हा आग्रह नातेवाइकांनी धरावा.

'सहा महिने फक्त दूध' आणि 'लवकर शेंगदाणे' यांचा मेळ कसा घालायचा

वरवर ही दोन सूत्रे एकमेकांना छेद देतात असे वाटते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पूरक आहारासह स्तनपान सुचवते, आणि बहुतेक बाळांसाठी तेच योग्य आहे. शेंगदाण्याच्या संशोधनाचा अर्थ एवढाच, की सहा महिने झाले की पुढे रेंगाळायचे नाही. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांचा अपवाद आहे. त्यांना चौथ्या ते सहाव्या महिन्यात शेंगदाणा सुरू करण्याचा विचार होतो, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सहा महिन्यांच्या आधी दिली जाणारी बाळगुटी आणि मधाचे बोट यांना मात्र या संशोधनाचा आधार देऊ नये. सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड उगाळून दिलेल्या वेढ्यांत प्रथिन अत्यल्प असते, तर पाण्यातून आणि सहाणेवरून जंतू जाण्याचा धोका खरा असतो. मधातून होणारी विषबाधा तर वर्षाच्या आतील बाळाला पक्षाघातासारखी अवस्था आणू शकते.

उष्टावण झाले की मऊ वरणभात आणि नाचणीच्या सत्त्वाबरोबरच पहिल्या काही आठवड्यांतच भाजलेल्या शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट पेजेत किंवा खिरीत नीट कालवून द्यावे. अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांखालील मुलाला देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. घरात चालत असेल तर पूर्ण उकडलेले अंडे आणि काटे काढलेला मासाही याच वयात द्यावा. नवा पदार्थ सकाळच्या वेळी, बाळ बरे असताना, पाव चमच्याने सुरू करावा, पुढचे दोन तास त्याच्यावर लक्ष ठेवावे, आणि दुसरा नवा पदार्थ दोन-तीन दिवसांनी आणावा. एकदा मानवलेला पदार्थ मग आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावा लागतो. लंडनच्या त्या बाळांनी पाच वर्षांची होईपर्यंत दर आठवड्याला तीन किंवा अधिक जेवणांत मिळून शेंगदाण्यातील सुमारे सहा ग्रॅम प्रथिन खाल्ले होते.